१९७९ची कॅमॅरो, ३५० इंजिन: रोज चालवायच्या गाडीला कोणता कॅम?

जुनी_कॅमॅरो (ट्रॉय, मिशिगन)

नमस्कार मंडळी. गाडी १९७९ची शेव्हरोले कॅमॅरो. ३५० क्युबिक इंचाचं एलएम१ इंजिन, सिलिंडर हेड मूळचीच (कास्टिंगचे शेवटचे आकडे ८८२), क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा गिअर ३.०८, टायर २७ इंची. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) कागदोपत्री ८.२.

टायमिंग चेन सैल झाली आहे, त्यामुळे इंजिनाची पुढची बाजू उघडायचीच आहे. त्याच वेळी कॅमशाफ्टही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम) बदलावा असा विचार आहे. जो तो कॉम्प कॅम्सचा एक्सई२६८एच सुचवतो. आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) थोडी गुरगुर हवी, पण पॉवर ब्रेक नीट चालले पाहिजेत आणि आय-७५ महामार्गावर घरच्यांना घेऊन तासन् तास जाता आलं पाहिजे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांची रस्त्यावरची जत्रा) गाडी न्यायची आहे, म्हणजे दिवसभर गर्दीत, गिअरमध्ये आणि उन्हात. २६८ चालेल का? त्याच्याबरोबर आणखी काय बदलावं लागेल?

पानेवाला

२६८ घेऊ नका. कॅम चांगला आहे, पण तुमच्या इंजिनासाठी नाही.

आधी मूळ कॅम काय आहे ते बघा. त्या काळच्या बहुतेक साध्या ३५० मध्ये '९२९' कॅम असायचा: ०.०५० इंच लिफ्टवर मोजलेली ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो) इनटेकला १९५ आणि एक्झॉस्टला २०२ अंश, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती इंच उघडतो) ०.३९० आणि ०.४१०. एक्सई२६८एच म्हणजे २२४ आणि २३० अंश, लिफ्ट ०.४७७ आणि ०.४८०. उडी फार मोठी आहे. (कॅम पारखताना नेहमी ०.०५० वरचे आकडे बघा. डब्यावरचे २६८, २८० वगैरे आकडे प्रत्येक कंपनी वेगळ्या लिफ्टवर मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून होत नाही.)

खरी मेख इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो यात आहे. पिस्टन खालून वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडा असेल तर मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं, आणि दाबायला उरतं ते कमीच. २६८ नेहमीप्रमाणे १०६ अंशाच्या सेंटरलाइनवर (इनटेक व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो तो बिंदू) बसवला तर इनटेक तळाच्या ६० अंश पुढे बंद होतो. ५.७ इंची रॉड आणि ३.४८ इंची स्ट्रोक धरून हिशेब केला, तर तुमचं ८.२ कॉम्प्रेशन प्रत्यक्षात ६.८ वर येतं. लोखंडी हेड आणि पंपावरचं पेट्रोल असेल तर हा आकडा साधारण ७.५ ते ८ असावा. ६.८ म्हणजे सिग्नलवरून उठताना गाडी मेल्यासारखी, आणि ३,००० आरपीएमच्या पुढे कुठे जीव येणार.

त्यात तुमचा गिअर ३.०८ आणि टॉर्क कन्व्हर्टर मूळचा. २६८ ला किमान २,२०० आरपीएमच्या आसपास स्टॉलचा (ब्रेक दाबून धरल्यावर इंजिन जिथवर फिरू शकतं तो आकडा) कन्व्हर्टर आणि ३.७३ चा गिअर लागेल. टीएच३५०ला ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) नाही. ताशी ७० मैलांना आज तुमचं इंजिन सुमारे २,७०० वर फिरतंय, ३.७३ लावलात तर ३,२५० वर फिरेल. घरच्यांना घेऊन आय-७५वर ते नको.

इंजिन आहे तसंच ठेवणार असाल तर एक्सई२५६एच घ्या, किंवा दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाचा. २१२ आणि २१८ अंश, लिफ्ट ०.४४७ आणि ०.४५४, इनटेक ५४ अंशावर बंद. कॉम्प्रेशनचा प्रत्यक्ष आकडा ७.१ राहतो. कन्व्हर्टर आणि गिअरला हात लावावा लागत नाही.

गुरगुरीबद्दल: ती ओव्हरलॅपमधून येते, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात त्या काळातून. २६८ मध्ये तो ५४ अंश, २५६ मध्ये ४२. ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं ठेवणाऱ्या भागाचा) व्हॅक्युमही त्याच ओव्हरलॅपमुळे पडतो. २६८ वर गिअरमध्ये उभं असताना पाऱ्याच्या १२ इंचांच्या आसपास व्हॅक्युम मिळेल, आणि वुडवर्डच्या गर्दीत लागोपाठ तीनचार ब्रेक मारले की पेडल कडक होईल. १५ च्या वर राहायचं असेल तर गुरगुर हलकीच मिळणार. या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे आत्ताच मनाशी ठरवा.

जुनी_कॅमॅरो

पानेवाला, मनापासून धन्यवाद. इनटेक बंद होण्याचा हिशेब इतका उलगडून कुणी सांगितला नव्हता. एक शंका: हेडही बदलायची ठरवली तर? जंकयार्डमध्ये व्हॉर्टेक हेड स्वस्तात मिळतात असं ऐकलंय.

अंश_आणि_इंच

व्हॉर्टेक घेणार असाल तर मग सगळं गणितच बदलतं, आणि माझ्या मते पैसा आधी तिथेच घालावा. १९९६ ते २००० च्या ट्रकवरची हेड, कास्टिंगचे शेवटचे आकडे ९०६ किंवा ०६२. तुमच्या हेडचा चेंबर ७६ सीसी, यांचा ६४. बाकी काही न बदलता कॉम्प्रेशन ८.२ वरून ९.२ च्या जवळ जातं, आणि पोर्टही कितीतरी चांगले आहेत. मग एक्सई२६२एच (२१८ आणि २२४ अंश) शोभतो, प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ७.८ च्या आसपास येतं.

पण खर्च हेडवर थांबत नाही. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, कारण व्हॉर्टेकचे बोल्ट आठच आणि त्यांचा कोनही वेगळा. व्हॉल्व्ह कव्हर मधल्या बोल्टची. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सेल्फ-गाइडिंगच, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच जागी राहणारे हवेत. तुमचे जुने रॉकर लावले तर ते व्हॉल्व्हच्या टोकावरून सरकतील. एक्झॉस्टची गरम वाट या हेडमध्ये नाही, त्यामुळे तुमच्या क्वाड्राजेटचा गरम हवेवर चालणारा चोक चालणार नाही, इलेक्ट्रिक चोक बसवा. जंकयार्डमधून हेड उचलाल तर आधी मशीन शॉपमध्ये तडे तपासून घ्या. व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये तडे जाणं हे या हेडचं जुनं दुखणं आहे.

लिफ्ट इथे अडते. मूळ व्हॉर्टेकमध्ये स्प्रिंगचा रिटेनर (वरची टोपी) खाली येऊन व्हॉल्व्ह गाइडच्या सीलला कुठे भिडतो ते बघा. ०.४६० च्या पुढे मोजल्याशिवाय जाऊ नये. २६२ ची एक्झॉस्ट लिफ्ट ०.४६९ आहे, म्हणजे गाइडचं डोकं थोडं खरवडून घ्यावं लागेल. रिटेनर आणि सीलमध्ये किमान ०.०५० इंच, आणि पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडायच्या आधी किमान ०.०६० इंच शिल्लक हवी.

८८२ हेडच ठेवलीत तरी स्प्रिंग बदलाच. पंचेचाळीस वर्षांच्या स्प्रिंगवर नवा कॅम म्हणजे ५,००० च्या आतच व्हॉल्व्ह तरंगणार. फ्लॅट टॅपेटला (ज्याचे लिफ्टर चाकाशिवाय कॅमवर घासतात तो प्रकार) १.७०० इंच उंचीवर १०० ते ११० पौंड सीट प्रेशर पुरे. जास्त कडक स्प्रिंग लावली तर कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) खाल्ले जातात. त्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जाड रोटेटर असतात, ते काढून साधे रिटेनर लावा आणि उंची पुन्हा मोजा. रॉकर स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात, कडक स्प्रिंगखाली ते हळूहळू वर येतात.

मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही, हे तुमचं नशीब. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका, केंद्राच्या कायद्याने ते चालत नाही. मूळ गोळ्यांचा कन्व्हर्टर चोंदला असेल तर नव्या पद्धतीचा, जास्त वाट देणारा बसवा. चोंदलेल्या एक्झॉस्टवर कोणताही कॅम वाया. हे वाचणारं कुणी कॅलिफोर्नियात असेल तर तिथे १९७६ पासूनच्या गाड्यांची तपासणी होते, तेव्हा राज्याची मंजुरी असलेलाच कॅम घ्या.

जुनी_कॅमॅरो

हेड पुढच्या हिवाळ्यात बघतो. आत्ता २५६, नव्या स्प्रिंग आणि नवी चेन असं ठरवतो. फ्लॅट टॅपेट कॅम पहिल्या अर्ध्या तासातच मरतात असं वाचून धास्ती बसली आहे. ब्रेक-इन (नवा कॅम पहिल्यांदा चालवून रुळवणं) नेमकं कसं करायचं?

पानेवाला

हेड नंतर बदलायची असतील तर ०.४५४ लिफ्ट व्हॉर्टेकलाही काठावर चालेल, मोजून बघा. तेव्हा प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ७.९ पर्यंत जाईल, पेट्रोल थोडं वरच्या ऑक्टेनचं घ्यावं लागेल.

आता बसवण्याबद्दल. जुन्या चेनच्या कॅम गिअरला नायलॉनचे दात असतात. ते झडले असतील तर तुकडे ऑइल पॅनमध्ये पडलेले असतात, पॅन उतरवून पिकअपची जाळी साफ करा. नवी चेन डबल रोलर घ्या. नुसती खूण जुळवून थांबू नका. डिग्री व्हील (अंश मोजायची चकती) आणि डायल गेज लावून इनटेक सेंटरलाइन कॅमच्या कार्डावर दिल्याप्रमाणे येते का ते बघा. स्वस्तातल्या गिअरची चावीची खाच दोनतीन अंश चुकीची असते, आणि ती चूक नंतर बाहेरून दिसत नाही.

लिफ्टर नवेच. जुने लिफ्टर नव्या कॅमवर कधीही नको. लोब आणि लिफ्टरच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट चोळा, बाकी ठिकाणी साधं तेल. झीरो लॅश (रॉकरचा खेळ नुकता संपतो ती जागा) शोधताना पुशरॉड वरखाली हलवून बघा, गोल फिरवून नव्हे. खेळ संपला की नट अर्धा आटा आणखी.

सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने, घड्याळाच्या दिशेने, ऑइल पंप फिरवा. मधूनमधून क्रँक फिरवत राहा, सोळाही रॉकरमधून तेल येईपर्यंत. कार्ब्युरेटरचं भांडं भरून ठेवा, टायमिंग जुळवून ठेवा. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं पाहिजे. नुसतं स्टार्टरवर घरघरत राहिलं की पेस्ट पुसली जाते.

लागल्याबरोबर २,००० वर न्या आणि २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५०० मध्ये वरखाली करत ठेवा. आयडलला सोडायचं नाही, कारण लोबवर तेल क्रँकच्या फिरण्याने उडून येतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. गळती दिसली तर आयडलवर शोधत बसू नका, सरळ बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा २,००० वर न्या.

अंश_आणि_इंच

एक भर घालतो. तेल ब्रेक-इनसाठीचंच वापरा, ज्यात झिंक १,२०० पीपीएमच्या वर असतं. आजच्या ५डब्ल्यू-३० तेलांत फॉस्फरसवर ८०० पीपीएमची मर्यादा आहे आणि झिंकही त्याच हिशेबाने कमी. नव्या फ्लॅट टॅपेटला ते पुरत नाही.

इंजिन लावायच्या आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडं ठेवून हाताने क्रँक फिरवा आणि प्रत्येक पुशरॉडवर मार्करने खूण करा. लोबला किंचित उतार असतो आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर, त्यामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. सोळांपैकी एखादा फिरत नसेल तर तिथेच थांबा. तो लिफ्टर काढून बोअरमध्ये बुर किंवा वार्निश आहे का बघा. न फिरणारा लिफ्टर एकाच जागी घासतो आणि लोब गोल करतो.

अर्ध्या तासानंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. फिल्टर कापून कागद उलगडा. करडी, पेस्टसारखी चमक चालते, पण चुंबकाला चिकटणारे चकचकीत कण निघाले तर इनटेक मॅनिफोल्ड काढून लोब बघितल्याशिवाय इंजिन पुन्हा लावू नका.