चर्चा: दानशूरांनी 'अपात्र' यादी मागावी

उंबरठा

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमिताभ बच्चन यांनी उत्तर प्रदेशातल्या १,३९८ शेतकऱ्यांचं बँकेचं कर्ज फेडलं. रक्कम ४ कोटी ५ लाख, बँक ऑफ इंडियाशी एकरकमी समझोता करून. त्याआधी महाराष्ट्रातल्या साडेतीनशेहून जास्त शेतकऱ्यांचं आणि २०१९ मध्ये बिहारमधल्या २,१०० जणांचं. उत्तर प्रदेशच्या आकड्याचा भागाकार केला तर माणशी जेमतेम २९ हजार येतात. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, पैसे खरोखर भरले गेले. माझा आक्षेप यादीवर आहे.

बँकेच्या थकबाकी यादीत येण्यासाठी आधी बँकेने कर्ज दिलेलं असावं लागतं, त्यासाठी सातबारा नावावर लागतो. म्हणजे खंडाने किंवा बटाईने कसणारा, सासऱ्याच्या नावच्या रानात राबणारी विधवा, सावकाराकडून उचल घेतलेला, हे सगळे पहिल्याच चाळणीत गळतात. गावातल्या अडचणीच्या उतरंडीत यादीतला माणूस वरून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असतो. तळाचा कुणाच्याच कागदावर नसतो.

कागद मात्र एका ठिकाणी असतो. शेतकरी आत्महत्येनंतर महाराष्ट्र शासन वारसांना १ लाख देतं: ३० हजार हातात, ७० हजार ठेव म्हणून. त्याआधी तहसीलदारांचा अहवाल, पोलिसांचे कागद, शवविच्छेदन, सातबारा, आठ-अ, कर्जाचा दाखला हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. जमीन कुटुंबातल्या कुणाच्याच नावे नाही, कर्ज विनापरवाना सावकाराचं, किंवा कर्ज होतं पण थकीत नव्हतं, यातलं काहीही निघालं की शेरा पडतो 'अपात्र'. घरातला माणूस तर गेलेलाच असतो.

दानशूरांनी ही अपात्र यादी मागावी एवढंच म्हणणं आहे. पात्र घरी सरकार पोचतं, कर्जमाफी पोचते, कॅमेराही पोचतो.

नवंजुनं

सहमत नाही. '२९ हजार' असं नाक मुरडून म्हणताय, पण त्या २९ हजारांवर काय अडकलेलं असतं ते बघा. पीककर्ज दोन हंगाम थकलं की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं. व्याज सवलत जाते. वेळेवर भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंत केंद्राच्या योजनेत ४ टक्के पडतात, पंजाबराव देशमुख योजनेत राज्य तेही भरतं, म्हणजे शून्य. थकला की बँकेचा नेहमीचा दर, वर दंडाची आकारणी, आणि पुढच्या जूनमध्ये नवं कर्ज नाही. मग बियाणं-खत दुकानदाराकडून उधारीवर, आणि माल त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने. २९ हजारांची थकबाकी माणसाला लाखाच्या पतपुरवठ्यातून बाहेर ठेवते. एवढं भोक बुजवलं तर गाडं पुन्हा रस्त्याला लागतं.

शिवाय विकास सोसायटीत, म्हणजे गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, थकबाकी लपते कशी ते बहुतेकांना माहीत असतं: मार्चअखेरीस नवं-जुनं. समजा १ लाख भरायचे आहेत. सावकाराकडून शेकडा तीनने आठ-दहा दिवसांसाठी उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराला परत. कागदावर हा शेतकरी नियमित. त्या दहा दिवसांना सावकार पूर्ण महिन्याचे ३ हजार घेतो, म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज तीन टक्क्यांना पडलं. नवं कर्ज महिनाभर लांबलं तर सहा. असा माणूस तुमच्या अपात्र यादीतही नाही आणि बच्चन यांच्या यादीतही नाही. त्याचं काय?

उंबरठा

नवं-जुनं करणाऱ्या शेतकऱ्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या यादीत येत नाही. पण 'गाडं रस्त्याला लागतं' हे एकरकमी समझोत्याच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. बँकेने काही रक्कम सोडून खातं मिटवलं तर पतअहवालात 'बंद' लिहून येत नाही, 'समझोता' म्हणून येतं. समझोत्यानंतर किती काळ नवं कर्ज द्यायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या चौकटीत शेतीकर्जापुरतं बँकांच्या संचालक मंडळांवर सोडलंय. म्हणजे दात्याने पैसे भरले, फोटो निघाला, आणि जूनमध्ये शाखाधिकारी म्हणतो, तुमचं खातं समझोत्यात गेलंय.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. कर्ज फिटलं तरी 'इतर हक्क' रकान्यातला बोजा आपोआप निघत नाही. बँकेचा निरंक (येणं नसल्याचा) दाखला घ्या, ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर बोजा कमी करण्याचा अर्ज टाका, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की मगच उतारा कोरा. हे शेतकऱ्याने स्वतः करायचं असतं आणि बरेचदा राहून जातं. मग जमिनीची वाटणी किंवा दुसऱ्या बँकेचं कर्ज निघालं की चार वर्षांनी लक्षात येतं. तोवर शाखा विलीन झालेली असते.

नवंजुनं

तर मग दात्याला सांगा की समझोता करू नको, पूर्ण येणं भर. २९ चे ४० हजार होतील. माणसं कमी होतील, पण खातं 'बंद' होईल. दोष फेडण्याचा नाही, स्वस्तात फेडण्याचा आहे.

हिशेबी मास्तर

दोघेही भिंतीच्या एकाच बाजूला उभे राहून भांडताय. कुणाचं किती फेडावं हा प्रश्न एका माणसाच्या मर्जीवर सोडलाय, मूळ दुखणं तिथे आहे.

वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ मधल्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. आणि या संपत्तीवर कर? वारसा कर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. जाताना कारण दिलं की २०१३-१४ मध्ये वसूल जेमतेम १,००८ कोटी, कटकट फार. वसूल होणार कुठून? ३० लाखांवर १ टक्का होता, पण शेअर, म्युच्युअल फंड, ठेवी त्यात धरतच नव्हते. श्रीमंताची श्रीमंती जिथे असते तेच वगळलं, आणि मग म्हटलं की विहिरीला पाणी नाही.

त्याच्या बदल्यात १ कोटीवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार आला. यातली मेख कमी लोक बघतात. अधिभार आणि उपकर हे वित्त आयोगाच्या वाटपात येत नाहीत, केंद्राकडेच राहतात. कर्जमाफी मात्र राज्याच्या तिजोरीतून. २०१७ ची महाराष्ट्राची घोषणा ३४,०२२ कोटींची होती. मुंबईत राहणाऱ्या अतिश्रीमंताचा अधिभार दिल्लीला, आणि बीडच्या शेतकऱ्याची माफी मुंबईच्या अर्थसंकल्पात. त्या ३४ हजार कोटींपुढे ४ कोटी ठेवून बघा.

आणि एक, 'हे लोक कर वाचवायला दान देतात' ही ओरड तपासून करा. आयकरातली ८०जी ची वजावट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यात परस्पर भरलेल्या पैशावर शून्य. संस्थेला दिलं तरी बहुतेक ठिकाणी निम्म्या रकमेची वजावट, तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि जुन्या करप्रणालीत राहिलात तरच. उत्पन्न १ ते २ कोटींत असेल तर वरचा दर अधिभार-उपकर धरून ३५.८८ टक्के, म्हणजे १०० रुपये दिले तर जास्तीत जास्त १८ च्या आत वाचतात, ८२ खिशातून जातात. टीका करायची तर खऱ्या जागी करा.

तिरपागडा

मास्तर, १,००८ कोटींचा कर परत आणला तरी तो उंबरठांच्या अपात्र बाईपर्यंत पोचायला कुठला शासन निर्णय लागेल, तेही लिहा. पात्र-अपात्र ठरवणारं टेबल तेच, खुर्ची तीच. २०१७ च्या माफीत ऑनलाइन अर्ज, २०१९ च्या माफीत आधार प्रमाणीकरण. आधारवर नाव वेगळं, बँकेत वेगळं, सातबाऱ्यावर तिसरंच. अंगठा उमटत नाही म्हणून म्हातारी केंद्रावर चार खेपा घालते. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये सुरुवातीला १५ हजारांचे धनादेश थेट आत्महत्या झालेल्या घरातल्या बाईच्या हातात दिले. रक्कम लहान होती, पण मधे खुर्ची नव्हती. कर जरूर लावा. तोवर देणाऱ्याचा हात कशाला धरता?

हिशेबी मास्तर

हात धरत नाही. दानाला धोरण म्हणू नका, एवढंच सांगतोय.

खडक-मुरूम

पैशाच्या दानावरच सगळं चाललंय. पाण्याकडे या, तिथे विषमता जास्त उघडी दिसते.

आमिर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई, कोरेगाव हे तीन तालुके. वेळू हे गाव पहिलं आलं. प्रशिक्षण चोख होतं: ए-फ्रेमने (इंग्रजी ए च्या आकाराच्या चौकटीने) समपातळी काढणं, माथा ते पायथा काम, चर आधी आणि नाला नंतर. ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. १०० मीटर चर खणला की एका भरतीला १८ हजार लिटर. मुरमाड डोंगरात कुदळीने १०० मीटर म्हणजे काय, ते ज्याने हात सोलून घेतलेत त्याला विचारा.

आता पायथ्याला या. तिथे दहा एकरवाल्याची विहीर, वर साडेसात अश्वशक्तीची मोटर. २५-३० मीटर उपशाला ती सेकंदाला साधारण १० लिटर टाकते. म्हणजे ते १८ हजार लिटर अर्ध्या तासात उसात. भूमिहीनाने चर खणला, पाणी मुरलं ते ज्याची विहीर त्याच्या हक्काचं, कारण जमिनीखालच्या पाण्यावर व्यवहारात जमीनमालकाचाच ताबा. श्रमदानाचं दान कुणी कुणाला केलं? बक्षीस गावाला मिळतं, पाणी विहिरीला.

नाला खोलीकरणाचंही तेच. यंत्र फुकट आलं की हात आवरत नाही. वरचा गाळ आणि मऊ मुरूम काढावा तिथपर्यंत ठीक. पुढे खाली कठीण खडक उघडा पडेपर्यंत खोदलं की शेजारच्या उथळ विहिरींचं पाणी उलट नाल्यात झिरपतं. नाल्यात तळं दिसतं म्हणून फोटो छान येतो, वरच्या अंगाच्या लहान शेतकऱ्याची विहीर जानेवारीतच तळ दाखवते.

पाण्याच्या दानाला नियम लावला तर काय होतं, त्याचंही उदाहरण जवळच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकाने पुरंदरमधल्या नायगावात देवस्थानची ४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थ्याने आधी भरायचा. हा नियम पहिल्या कुदळीच्या आधी ठरला होता. कप जिंकल्यावर पाण्याच्या वाटपाची ग्रामसभा घ्या, दहा एकरवाला फिरकणार नाही.

नवंजुनं

नियम सुंदर, पण पाणी पंचायत जिथे होती तिथेच राहिली. वॉटर कप तीन तालुक्यांवरून ७५ वर गेला, कारण त्याने गावातल्या दहा एकरवाल्याला नाराज केलं नाही. हेही तितकंच खरं आहे. आणि पाणी आलं की भूमिहीनाला कांदा लावणी, खुरपणी, काढणीची मजुरी गावातच मिळते, ऊसतोडीला जाणारी एखादी कोयता जोडी कमी होते. त्याला तुम्ही शून्य मोजता.

खडक-मुरूम

शून्य नाही मोजत. मजुरी आणि हक्क एका रकान्यात लिहीत नाही.

उंबरठा

मूळ मुद्द्यावर येतो, कारण 'यादी मागा' म्हणणं सोपं आणि पैसे पोचवणं अवघड, हे तिरपागडा यांचं बरोबर आहे. ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी.

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या मदत शाखेकडून वैयक्तिक तपशिलाची यादी माहिती अधिकारात बहुधा मिळणार नाही, खासगी माहिती म्हणून नाकारतील. तालुकावार अपात्र संख्या आणि अपात्रतेचं कारण मागा, त्यावरून गावं शोधा, घरापर्यंत आशाताई आणि बचतगटाच्या बायकांमार्फत जा. एकदम ग्रामसभेत नाव पुकारू नका. पैसे बाईच्या एकटीच्या खात्यात टाका, दीर किंवा सासऱ्याबरोबरच्या संयुक्त खात्यात नाही. आधारवरून पाठवू नका, आधारला शेवटचं जोडलेलं खातं कुठलं हे तिलाच माहीत नसतं. खाते क्रमांक टाकून पाठवा.

आणि पाठवण्याआधी शाखेत एक गोष्ट विचारा: खातं पूर्ण केवायसीचं आहे की 'छोटं खातं'. छोट्या खात्यात शिल्लक ५० हजारांवर जाता येत नाही, वर्षात एकूण जमा १ लाखाच्या वर नाही, महिन्याला काढता येतात १० हजार. ६० हजार टाकलेत तर अडकतील किंवा परत येतील, आणि बाईला वाटेल की आश्वासनच खोटं होतं.

तिरपागडा

व्यक्तीने परस्पर ५० हजारांच्या वर दिलं तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं, तेही जोडा. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेमार्फत दिलं तर धरत नाहीत. कर बहुधा लागणार नाहीच, तिचं उत्पन्नच तेवढं नाही. पण नोटीस आली तर ती वाचून दाखवायला तिला पुन्हा दिराकडेच जावं लागेल.