बी विंग लिफ्ट: हिरवा दिवा चालू, बॅटरी गायब

शुभांगी, बी-४०४: काल लाइट गेली आणि लिफ्ट पुन्हा अधेमधे अडकली. आत आमचे सासरे. ना इमर्जन्सी दिवा, ना घंटी. मागच्या मीटिंगमध्ये काय शब्द दिला होता ते सगळ्यांना आठवत असेलच.

सचिव: ताई, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. पण इमर्जन्सी दिवा आणि घंटी ज्या बॅटरीवर चालतात, तिचा पॅनेलवरचा हिरवा दिवा चालू आहे. रजिस्टरमध्ये रोजची टिक आहे.

ओंकार, सी-३०१: आत्ता मेकॅनिकने डबा उघडला, मी तिथेच होतो. आत बॅटरीच नाही. दोन वायरी लोंबतायत.

देसाई काका: बॅटरी नेली कोणी?

सचिव: मग दिवा कसा लागतो?

ओंकार, सी-३०१: तो चार्जरचं व्होल्टेज बघून लागतो. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला चार्जर १३.५ ते १३.८ वर धरून ठेवतो. बॅटरी नसली तरी मीटरला तेवढंच दिसतं. मोकळ्या वायरींवर आत्ता १३.६ आले.

नीलम काकू: म्हणजे खुर्ची रिकामी, मस्टरवर सही 😄

मंगेश, ए-२०३: माझ्या पार्किंगमधली ती पांढरी गाडी पण अजून तिथेच आहे.

सचिव: मंगेशराव, विषय लिफ्टचा आहे.

मंगेश, ए-२०३: माझा विषय कधी असतो ते कळवा.

खजिनदार: ओंकार, चार्जिंग करंट बघ ना. बॅटरी नसेल तर शून्य.

ओंकार, सी-३०१: काका, पूर्ण भरलेली बॅटरीही जवळजवळ शून्यच घेते. त्यावरून ठरत नाही. चार्जरचं कनेक्शन क्षणभर तोडायचं, टर्मिनलवर लोड टाकायचा, म्हणजे वीज खाणारं काहीतरी जोडायचं, मग व्होल्टेज बघायचं. बॅटरी नसेल तर चार्जरमधला कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवणारा भाग, रिकामा होऊन ते धाडकन पडतं. चांगली असेल तर १२ च्या आसपास टिकते. म्हातारी झालेली लोडशिवाय १२.५ दाखवते आणि लोड पडताच ९-१० वर येते. चांगलं पॅनेल हे अधूनमधून आपणहून करतं. लोड मात्र तेवढ्यापुरताच जोडायचा, कायम ठेवला तर लाइट नसताना तोच बॅटरी खाणार.

देसाई काका: सगळं कळलं. बॅटरी नेली कोणी?

नीलम काकू: काका, कॉपी-पेस्ट पुरे.

देसाई काका: उत्तर आलं की पुरे.

खजिनदार: एवढं कशाला, मेन बंद करून लिफ्टमधला इमर्जन्सी दिवा लागतो का बघितलं तरी झालं.

ओंकार, सी-३०१: झालंच. फक्त पाच सेकंद बघून सोडू नका. बॅटरी आहे एवढंच कळेल, किती वेळ टिकेल ते नाही.

शुभांगी, बी-४०४: मग रोज टिक करणाऱ्यांना हे का नाही सुचलं?

सचिव: ताई, टोमणे नकोत. आम्हीही नोकऱ्या सांभाळून करतो.

शुभांगी, बी-४०४: टोमणा नाही. सासऱ्यांना अजून धाप लागतेय.

सचिव: काळजी घ्या त्यांची. आत्ताच मेंटेनन्सवाल्यांशी बोललो. बॅटरी फुगली होती म्हणून त्यांच्या माणसाने काढून नेली. नवी उद्या बसवतील. तोवर लिफ्ट बंद ठेवतोय.

ओंकार, सी-३०१: आणि यापुढे टिक नको. चार्जर तोडून, लोड टाकून किती व्होल्ट आले तो आकडा लिहायला सांगा.

देसाई काका: नेली कधी?