होयाची पानं सुरकुतली, पण माती ओली! मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडं तीन वर्षांचा होया कार्नोसा (जाड, मेणचट पानांचा शोभेचा वेल) आहे, सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पारा सध्या ४४ वर. वेल पूर्वेकडच्या ओसरीत आहे, सकाळी आठपर्यंत कोवळं ऊन, नंतर सावली. कूलरचा वारा लागत नाही.

चूक माझीच. मार्चमध्ये कुंडी बदलताना शेतातली काळी माती अर्धी घातली, वर शेणखत. ती माती कापसाला चांगली, याला नाही, हे आता कळतंय. पानं मऊ पडून सुरकुतली, खालची पिवळी. तहान लागली समजून पाणी वाढवलं, तर आणखी बिघडलं. मग बारा दिवस पाणी बंद. काल काढून पाहिलं: निम्मी मुळं तपकिरी, हात लावताच साल सुटते, उरलेली पांढरी, टणक. पिठ्या ढेकूण नाही, पानांची मागची बाजू आणि पेरं तपासली. दोन पेरांचं एक कलम पाण्यात ठेवलंय, तीन आठवडे झाले, मुळं नाहीत.

पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), ऑर्किडसाठी वापरतात ती झाडाची साल इथं मिळत नाही, ऑनलाइन मागवलं तर दहा दिवस. घरी विटांचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या शेंड्या, जाड रेती आहे. पाणी बोअरचं, क्षाराचं. पावसाचं जूनपर्यंत नाही. फुलांचा जुना देठ कापलेला नाही, त्यावरच पुन्हा फुलं येतात म्हणून.

सडकी मुळं कापून याच उन्हाळ्यात वीट-शेंड्यांत लावू, की वेलाची कलमंच करून मूळ झाड सोडून देऊ? आणि वीट, कोळसा, शेंड्या किती-किती घ्यायच्या?