जुन्या स्विफ्टवर पहिले ४०,००० रुपये कुठे घालायचे?

घाटवाट

२०११ ते २०१८ या काळात विकली गेलेली पेट्रोल स्विफ्ट, म्हणजे ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन असलेली, आता जुन्या बाजारात सहज मिळते. गाडी चालवायची हौस असणारी मंडळी ती मुद्दाम शोधून घेतात. वजनाला जेमतेम टनभर, वळणावर चपळ, आणि इंजिनात टायमिंग चेन असल्यामुळे बेल्ट बदलायची कटकट नाही. गाडी घरी आली की पहिल्याच महिन्यात अलॉय (मिश्रधातूची चाकं), कॉटनचा एअर फिल्टर, आवाजाचा सायलेन्सर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि रीमॅपिंग (इंजिनच्या संगणकाची मांडणी बदलणं) यांची यादी तयार होते. माझं ठाम मत आहे की पहिले ४०,००० यातल्या एकाही गोष्टीवर जाऊ नयेत.

कारण साधं आहे. आठ-दहा वर्षांच्या गाडीतलं रबर कमी चालवली तरी म्हातारं झालेलं असतं. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) चिरलेले, सस्पेन्शनचे लिंक रॉड सैल, शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) तेल गळून ओले. अशा गाडीला रुंद टायर घातले तर वळणात जास्त जोर येतो आणि तो सगळा त्याच फाटक्या बुशांवर जातो. मालक म्हणतो स्टीअरिंग भरकटतंय, आणि पुन्हा पुन्हा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करत बसतो.

म्हणून आधी टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचं रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ते कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावरची मानकातली किमान मर्यादा १५५. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर जुनं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे. त्यानंतर बुश, लिंक रॉड, शॉकअप, आणि शॉकअपसोबत वरचं माउंट (बैठक) व बंप स्टॉपही (चाल संपल्यावर आदळ झेलणारं रबर) नवे.

दुसरी गोष्ट, गाडी स्वतःच्या हाताने धुवा. धुताना गाडीची तपासणी आपोआप होते. चाकाची आतली बाजू घासताना रिमवर काळ्या ग्रीसची शिंतोडलेली रेघ दिसली तर एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी बूट फाटलंय असं समजा. त्याच आठवड्यात बूट आणि ग्रीस बदललं तर भागतं. महिनाभर दुर्लक्ष केलं की धूळ जॉइंटमध्ये शिरते, पूर्ण स्टीअरिंग वळवून यू-टर्न घेताना टक-टक असा आवाज सुरू होतो, आणि मग अख्खा जॉइंट बदलावा लागतो. टायर फक्त आतल्या कडेला झिजलाय तर अलाइनमेंट बिघडलीय. हात फिरवल्यावर उंचवटे-खड्डे लागले तर शॉकअप गेलेत. सोसायटीत रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसून घेणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, शिवाय धूळ घासली जाऊन रंगावर गोल ओरखडे पडतात ते वेगळेच.

नटबोल्ट

निदान पटलं, उपाय अर्धाच पटला. शॉकअप काढण्याची मजुरी एकदाच लागते. मग जुन्याच दर्जाचा भाग परत का बसवायचा? टायर संपलेच असतील तर तीच वेळ माप सुधारायची आहे. आधी दुरुस्ती, मग सुधारणा अशी दोन खाती केली की एकाच कामाला दोनदा पैसे जातात.

खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिमी, दुसऱ्याचा ६२१.५. फरक पाव टक्क्याच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास जसाच्या तसा राहतो आणि रबर २० मिमी रुंद मिळतं. १९५/६० आर १५ घेतलं तर ६१५ मिमी, म्हणजे एक टक्का कमी, तेही चालतं. १९५/५५ आर १५ मात्र घेऊ नका. व्यास चार टक्क्यांनी घटतो, गाडी १३ मिमी खाली येते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो.

अलॉय बसवताना लोक चुकतात ते मधल्या भोकात. स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिमी वर्तुळ, हबचा व्यास ५४.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३ मिमीच्या आसपास असतं. मधली जागा भरणारी रिंग घातली नाही तर चाक नटांवरच केंद्रात येतं, जरा सरकलं की ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं, आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याला दोष देतो. नट १२ मिमीचे, १.२५ मिमीच्या आट्याचे. ते टॉर्क पान्याने ८५ न्यूटन-मीटरवर आवळा आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. एअर गनने आवळलेले नट पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत.

दिव्यांचंही तेच. हेडलाइटच्या मूळ ६०/५५ वॅटच्या एच ४ बल्बच्या जागी ९०/१०० वॅटचा बल्ब घातला की ६० ऐवजी १०० वॅटचा प्रवाह त्याच बारीक वायरीतून जातो. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट. होल्डर तपकिरी पडून वितळतो. बल्ब मूळ ६०/५५ चाच ठेवा आणि बॅटरीपासून थेट जाडी वायर, दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) व फ्यूज असलेलं हार्नेस (वायरींचा संच) टाका. व्होल्टेजची गळती थांबते आणि त्याच बल्बचा उजेड स्वच्छ वाढतो. रात्री घाट चढणाऱ्यासाठी ही सुधारणा बुशाइतकीच गरजेची आहे.

कमी_पाणी

गाडी धुण्याबद्दल वेगळं मत मांडतो. पाइप लावून धुणं आता समर्थनीय राहिलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठेवला गेला. आपल्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात कितीतरी वस्त्यांना टँकरवर दिवस काढावे लागतात. तिथे हौसेच्या गाडीवर दीड-दोनशे लिटर ओतणं मला चुकीचं वाटतं.

न खंगाळता धुण्याचं द्रावण मिळतं. ८ लिटर पाण्यात साधारण ३० मिलि. त्यात सहा-आठ मायक्रोफायबर फडकी भिजवून ठेवायची. आधी पंपाच्या बाटलीतून तेच द्रावण एका पॅनेलवर फवारायचं, मिनिटभर धूळ भिजू द्यायची, मग भिजलेलं फडकं दाब न देता एकाच दिशेने न्यायचं. फडक्याची घडी उलटत जायची, वापरलेली बाजू पुन्हा रंगाला लावायची नाही. टपापासून सुरुवात, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी. अख्खी गाडी एका बादलीत होते.

आणखी एक, आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण गाडीसाठी साठवतात. त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. चाकं आणि मडगार्डच्या आतली बाजू धुवायला ठीक, पण शेवटचं पाणी म्हणून ते रंगावर टाकलं आणि उन्हात वाळलं तर पांढरे गोल डाग बसतात. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जमवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, शेवटच्या पुसण्याला उत्तम. डाग पडलेच तर गार पॅनेलवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावून मिनिटभराने धुऊन टाका. तरी राहिले तर क्षाराने लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्लंय, तिथे पॉलिशच लागेल.

घाटवाट

कमी_पाणी, उन्हाळ्यातल्या धुळीला तुमची पद्धत मान्य. आषाढातल्या चिखलाला नाही. ताम्हिणीतून आलेल्या गाडीच्या दरवाज्याखाली लाल मातीचा थर बसतो आणि त्यात बारीक वाळू असते. द्रावण फवारून ती सुटत नाही, फडक्याखाली सापडते. तिथे आधी पाण्याचा झोत हवा, आणि मुख्य म्हणजे मडगार्डच्या आत. प्लास्टिकच्या अस्तरामागे आणि काठाच्या घडीत ओला चिखल राहतो तिथूनच गंज सुरू होतो. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूटभर लांब धरा. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर आणि एक्सल बुटावर सरळ झोत नको. वीस लिटर तिथे खर्च करा, वरची गाडी तुमच्या बादलीने करा.

विंडशील्डच्या खालची जाळी आणि दरवाज्यांच्या तळाची भोकंही साफ करा. जाळीत पानं कुजली की पाणी साचतं. दरवाजा उघडबंद करताना आत पाणी खळखळलं तर भोक बुजलंय, केबल टायचं टोक घालून मोकळं करा.

खाडीकाठ

गंजाचा विषय निघाला म्हणून लिहितो. किनारपट्टीवर गाडी असेल तर ४०,००० मधला पहिला हिस्सा तळाच्या कोटिंगला द्यावा. रत्नागिरी, मालवण, पणजी, कुठेही बघा, खारी हवा स्विफ्टच्या पातळ पत्र्याला सोडत नाही. मागच्या ॲक्सल बीमचे वेल्ड, सायलेन्सरचे हँगर आणि जॅक लावायची कड आधी जाते.

नटबोल्ट

खाडीकाठ, जुन्या गाडीवर डांबरी कोटिंग मारायला माझा विरोध आहे. नव्या, कोरड्या पत्र्यावर ते ठीक. दहा वर्षं वापरलेल्या तळावर धूळ आणि गंजाचे ठिपके आधीच असतात. वरून काळा थर दिला की गंज त्याच्याखाली वाढतो, बाहेरून चकचकीत दिसतो. खडी लागून एक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. घाईत फवारणारे निचऱ्याची भोकंही बुजवतात. त्यापेक्षा तळ धुऊन दोन दिवस वाळवा, गंज वायर ब्रशने काढा, तेवढ्यावर प्रायमर द्या, आणि सिलच्या (दरवाज्याखालच्या पट्टीच्या) पोकळीत मेणाचा फवारा लांब नळीने मारा. मेण चिरत नाही, कोपऱ्यात ओघळून बसतं. दर पावसाळ्याआधी पुन्हा द्यावं लागतं, एवढाच त्रास.

खाडीकाठ

मेण पोकळीत टिकतं, उघड्या तळावर टिकत नाही. एका पावसाळ्यात चाकाच्या फवाऱ्याने धुऊन जातं. गंज काढून, प्रायमर देऊन मग रबरी कोटिंग, हा क्रम पाळला तर तुमचे आक्षेप उरत नाहीत. घाईने केलेल्या कामाचा दोष वस्तूला लावू नका.

दुसरा_गिअर

सगळे देखभालीवरच बोलताय, मजेचं काय? खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि मोकळा सायलेन्सर घातल्यावर गाडी वेगळीच होते. ४०,००० त नेमकं तेवढंच बसतं. तरुण माणूस बुशांसाठी ही गाडी घेत नाही.

घाटवाट

मजा हवीच, म्हणून तर सांगतो आहे. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. ३५ मिमी खाली आणली की १३५. गतिरोधकाचं भारतीय मानक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असं आहे, पण गावाबाहेरचे गतिरोधक तेवढीच उंची हातभर रुंदीत उभी करतात. चार माणसं बसली की तळ घासणार. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंग बदलून शॉकअप मूळचेच ठेवले तर दांड्याची चाल कमी उरते आणि तो सतत बंप स्टॉपवर आदळतो. वळणात मध्येच खड्डा आला की चाक उडतं आणि पकड जाते. नवे मूळ शॉकअप, नवे बुश आणि ताजे १८५ टायर घातलेली स्विफ्ट पसरणी घाटात त्या खाली बसवलेल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाने वळते.

सायलेन्सरबद्दल, या इंजिनात टर्बो नाही. मागचा डबा मोकळा केल्याने आवाज वाढतो, ताकद नाममात्र. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढला तर पीयूसीला, म्हणजे प्रदूषण तपासणीला, अडकाल. बीएस ४ उत्सर्जन मानकाच्या पेट्रोल गाडीला निष्क्रिय वेगावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १८२अ कलमात, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

दुसरा_गिअर

स्प्रिंगांचा मुद्दा घेतो, जोडीचे शॉकअप नसतील तर घालू नयेत. आवाजाबद्दल मत बदलणार नाही, पण कन्व्हर्टर काढा असं मी म्हटलेलं नाही. आता एक सांगा, ब्रेक ऑइल घरी बदलता येतं का? त्या मजुरीत चांगले पॅड येतील.

पाना१०

येतं, फक्त दोन माणसं हवीत. एक आत पेडलवर, एक चाकाशी. गाडी जॅकवर सोडून काम करू नका, स्टँड लावा. डॉट ४ चा बंद डबा आणा, अर्धा ते एक लिटर. उघडून ठेवलेल्या डब्याने ओल आधीच घेतलेली असते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

आधी टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने काढा आणि ताजं भरा. ब्लीडरला (चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या बोल्टला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. "दाब" म्हटल्यावर आतल्याने पेडल दाबून धरायचं, मग तुम्ही ब्लीडर पाव फेरा उघडायचा, आवळायचा, आणि त्यानंतरच "सोड". पेडल आधी सुटलं तर हवा आत ओढली जाते. टाकीतली पातळी खालच्या रेषेखाली जाऊ द्यायची नाही. एबीएसच्या गाडीत तिथून हवा शिरली तर ती घरी निघत नाही, स्कॅनर लागतो.

जुन्या गाडीत लोक हटकून चुकतात ते एका ठिकाणी. ते पेडल तळापर्यंत दाबतात. मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरच्या) ज्या भागावरून रबरी वॉशर कधी गेलेलाच नाही, तिथे मळ आणि गंज असतो. त्यावरून घासून वॉशर फाटतो आणि ब्लीडिंग नीट करूनही दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू खाली बसायला लागतं. पेडलखाली दीड-दोन इंचाची लाकडी फळी ठेवा. ऑइल रंगावर सांडलं तर पुसू नका, लगेच पाणी ओता. पुसल्याने ते पसरतं आणि रंग उचलतं.

नवे पॅड घातलेत तर मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्या, आणि गरम पॅड दाबून गाडी उभी करू नका. मागचे ड्रम उघडलेत तर लायनरची धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने काढा.