लपवलेलं बटण ठीक हाय, पण बॅटरी उतरली तं?

भाऊ, बसच्या दाराचं बाहेरचं हँडल काढून, लपवलेलं बटण दाबून आतल्या सोलेनॉइडनं (करंट दिला की दांडी ओढणारी कॉइल) दार उघडाची तुमची आयडिया मस्तच हाय, दार एकदम सपाट दिसते, पण वरती एकानं कारच्या सेंट्रल लॉकचा अ‍ॅक्च्युएटर (छोटी मोटर) लावा म्हटलं ते नका करू, त्याचा जोर लॉकची दांडी सरकवापुरता, बसच्या दाराचं जड लॅच (दार अडकवून धरणारी खिट्टी) त्याच्यानं ओढल्या जात नाही. मोठा सोलेनॉइडच घ्या. आधी व्होल्टेज पाहा, मोठ्या बसमध्ये बहुतेक २४ व्होल्ट असते, १२ वाला डायरेक्ट जोडला तं कॉइल जळते. आणि सोलेनॉइड क्षणभरच चालते पण करंट लय ओढते, म्हणून सप्लाय बटणातून नाही रिलेतून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) द्या, वायर जाड, फ्यूज बॅटरीजवळ.

इकडे यवतमाळकडच्या मे महिन्यात रबर सील पत्र्याले चिकटते, लॅच सुटलं तरी दार हलत नाही, बाहेर ढकलाले स्प्रिंग लागतेच.

अन् बॅटरी उतरली तं काय कराल बाप्पा, वावरात बसच्या बाहेर उभे! लॅचले सायकलच्या ब्रेकची केबल बांधून टोक बसखाली लपवून ठेवा. आतलं हँडल मात्र काढू नका, आग लागल्यावर बटण कोण शोधते? इमर्जन्सी दाराले तं हातच नका लावू.