स्टेपनी होती, पाना होता, तरी चाक निघेना

बुधवार

बी-४०२ : नमस्कार सोसायटीतली मंडळी. मेसेज जरा मोठा आहे, पण वाचा. काल रात्री येताना पुढचं डावं चाक पंक्चर झालं. बरोबर आई होती. डिकीत स्टेपनी, जॅक, पाना सगळं होतं. मी गाडी जॅकवर उचलली आणि नट खोलायला गेले, तर पान्याबरोबर चाकच गरगर फिरायला लागलं. पाऊण तास खटपट केली. शेवटी एक ट्रकवाले दादा थांबले. त्यांनी गाडी परत खाली घेतली, चाक जमिनीला टेकवलं, नट सैल केले आणि मग गाडी उचलली. दहा मिनिटांत काम झालं. मी सहा वर्षं गाडी चालवतेय. हा एवढा क्रम माहीत असता तर आईला अंधारात रस्त्याच्या कडेला ताटकळत बसावं लागलं नसतं. मला गाडीची साधी साधी कामं शिकायची आहेत, अगदी श्रीगणेशापासून. कोणी शिकवेल का?

ए-६०२ : बाप रे. आई बऱ्या आहेत ना? मलाही शिकायचंय. मला तर बोनेट उघडायचा खटका कुठे असतो तेही नीट माहीत नाही.

सी-३०३ : ताई, सुखरूप पोचलात ते महत्त्वाचं. पण मला विचाराल तर या फंदात पडू नका. आताच्या गाड्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक. काही झालं की मदतीचा नंबर फिरवायचा, माणूस येतो. आपण हात लावायला जायचं आणि वॉरंटी जायची.

ए-१०१ काका : इंजिन खोलायचं कोणीच म्हणत नाहीये रे. टायरची हवा, ऑइल, इंजिन गार ठेवणारं कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी हे मालकाने अधूनमधून बघावं असं गाडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. त्याने वॉरंटीला काही होत नाही. आणि मदतीचा माणूस येईल तेव्हा येईल. गाडी तापल्याचा काटा वर गेला की त्या मिनिटाला काय करायचं हे तुलाच ठरवावं लागतं, फोनवर कोणी ठरवून देत नाही.

ए-१०१ काका : बी-४०२, तू विचारलंस ते बरं केलंस. तुझी चूक फक्त क्रमाची होती. नीट सांगतो. गाडी सपाट, टणक जागी घ्यायची. हँडब्रेक ओढायचा, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवायची, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड किंवा वीट लावायची. मग चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा. जमीन चाकाला धरून ठेवते, म्हणून जोर नटावर जातो. हवेत असलेल्या चाकाला कोण धरणार?

पाना हाताने ओढू नकोस. दांडा आडवा येईल असा लाव आणि त्यावर शरीराचं वजन टाक, खालच्या दिशेने. मनगटाच्या जोरावर न हलणारा नट वजनाने हलतो.

जॅक कुठेही लावायचा नाही. दारांच्या खाली पत्र्याच्या कडेला दोन खाचा किंवा खुणा असतात, तिथेच. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो किंवा जॅक निसटतो. आणि गाडी जॅकवर असताना खाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. खाली घरंगळलेला नट काढायलासुद्धा नाही. हे मी तीन-तीनदा सांगेन, कंटाळा करू नका.

ए-६०२ : बसवताना?

ए-१०१ काका : बसवताना नट आधी बोटांनी फिरवायचे. बोटांनी सहज फिरतोय म्हणजे आटे सरळ बसलेत. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे तिरके चढले, तर नटही जातो आणि बोल्टही. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, ओळीने गोल नाही. नाहीतर चाक एका बाजूला आधी टेकतं आणि तिरकं बसतं. हलके आवळून गाडी खाली घ्यायची आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर.

बी-४०२ : काका, हे मी वहीत उतरवून घेतलं. रविवारी पार्किंगमध्ये प्रत्यक्ष दाखवाल का?

ए-१०१ काका : सकाळी आठला. गाड्या रात्रभर उभ्या असतात, इंजिन आणि टायर दोन्ही गार असतात. बघायला तीच वेळ योग्य. येताना गाडीचं मॅन्युअल, जुना सुती कपडा, हातमोजे, टॉर्च आणि असेल तर हवा मोजायचा गेज आणा. पान्यांचा मोठा सेट विकत घ्यायची घाई कोणी करू नका. आधी बघायला शिकू.

सेक्रेटरी : उपक्रम चांगला आहे. दोनच विनंत्या. फरशीवर ऑइल सांडू नये, खाली पुठ्ठा किंवा ट्रे ठेवावा. आणि वापरलेलं ऑइल, कूलंट कोणीही गटारात ओतू नये. कूलंटची चव गोडसर असते आणि ते विषारी असतं. पार्किंगमध्ये कुत्री-मांजरी आहेत, लहान मुलं खेळतात.

डी-२०५ : काका, माझ्याकडे ओबीडी स्कॅनर आहे, मोबाइलला जोडायचा. आणू का? चेक इंजिनचा दिवा लागला की बिघाडाचा कोड लगेच दिसतो.

ए-१०१ काका : आण की. पण सगळ्यांना एक समजावून सांग, तो कोड म्हणजे निदान नव्हे.

डी-२०५ : हो, हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या गाडीत पी०१७१ कोड आला होता. त्याचा अर्थ इंजिनात जळणाऱ्या मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त. मला वाटलं ऑक्सिजन सेन्सर गेला, कारण ते मोजमाप तोच देतो. बदलला. दिवा परत लागला. शेवटी सापडलं काय, तर एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपला चीर पडली होती आणि तिथून न मोजलेली हवा आत जात होती. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. तेव्हापासून कोड आला की आधी बोनेट उघडून पाइप, वायरी, कनेक्टर डोळ्यांनी बघतो.

ए-६०२ : मला बॅटरीबद्दल विचारायचंय. मागे गाडी सुरू होत नव्हती तेव्हा जंपर केबल लावताना ठिणगी उडाली आणि मी इतकी घाबरले की तेव्हापासून केबलला हात लावलेला नाही.

ए-१०१ काका : घाबरलीस ते साहजिक आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो पेट घेतो. म्हणून शेवटचं टोक बॅटरीपासून लांब लावायचं. क्रम असा : लाल केबल आधी बंद पडलेल्या गाडीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या गाडीच्या मायनसला. आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या मायनसला नाही, तर इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला. ठिणगी पडलीच तर तिथे पडते, बॅटरीवर नाही. काढताना बरोबर उलटा क्रम.

सी-३०३ : काका, हे मला माहीत नव्हतं. मी कायम दोन्ही टोकं बॅटरीलाच लावत आलोय.

ए-१०१ काका : मग तूही ये रविवारी.

शनिवार

बी-४०२ : उद्या आठ. पाऊस आला तर बेसमेंटमध्ये. काका, आईपण येणार म्हणतेय.

ए-१०१ काका : जरूर आण. एकच सूचना, कोणीही सकाळी गाडी सुरू करून गरम करून आणू नका. जागेवरच उभ्या राहू द्या, मी एकेकाकडे येतो.

रविवार

बी-४०२ : जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. दोन तास म्हणता म्हणता पावणेतीन तास झाले.

सुरुवात ऑइलपासून. मी आजवर डिपस्टिक पाहिलेलीच नव्हती. बोनेटखाली एक पिवळी कडी दिसते, ती ओढली की लांब पट्टी बाहेर येते. पहिल्यांदा ओढल्यावर तिच्यावर सगळीकडे ऑइल फासलेलं होतं, मला वाटलं भरपूर आहे. काकांनी थांबवलं. पहिलं वाचन धरायचं नाही. कपड्याने पट्टी स्वच्छ पुसायची, परत पूर्ण आत घालायची, मग ओढून बघायची. आता ऑइलची रेघ स्पष्ट दिसली, दोन खुणांच्या मध्ये, पण खालच्या खुणेच्या अगदी जवळ. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, म्हणजे माझ्या गाडीत पाऊण लिटरच्या आसपास कमी होतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडं थोडं घालत, दर वेळी थांबून मोजत पातळी वर आणायची. वरच्या खुणेच्या पुढे मात्र भरायचं नाही, जास्त झालं तर इंजिनातला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही.

काकांनी ऑइल बोटांवर चोळून दाखवलं. काळं असलं म्हणजे खराबच असं नाही, डिझेल गाडीत तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. पण दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलेलं असू शकतं. तेव्हा गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवायची.

ए-६०२ : कूलंटचं मी सांगते. टाकी पारदर्शक असते, झाकण न उघडताच बाहेरून पातळी दिसते. इंजिन गरम असताना ते झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, त्या दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. काकांनी त्यांच्या उजव्या हातावरचा डाग दाखवला. तरुणपणी एकदा इंजिन गार होईपर्यंत थांबले नाहीत, त्याचा तो डाग. नंतर बराच वेळ मी त्या झाकणाकडेच बघत होते.

डी-२०५ : मला सगळ्यात पटलं ते ब्रेक ऑइलचं. टाकीतली पातळी खाली गेली की आपण म्हणतो, ओता वरून. पण ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे एकतर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. नुसतं भरून टाकलं तर गाडी जे सांगू बघतेय तेच आपण पुसून टाकतो. शिवाय ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेल्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबताना ते उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून गळत नसलं तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला, बहुतेक दोन वर्षांनी, बदलायचं. पण बदलण्याचं काम आपलं नाही, हे काकांनी बजावलं. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांना शिकाऊ हात लावायचा नाही.

सी-३०३ : आता मी सांगतो, कारण आज सगळ्यात जास्त माझ्याच गाडीत निघालं. मी दर सर्व्हिसिंग वेळेवर करतो. तरी चाकाचे नट काढायला गेलो तर दोन नट हललेच नाहीत. गेल्या सर्व्हिसिंगला हवेच्या गनने आवळले होते, ते इतके की माझं पूर्ण वजन पान्यावर टाकूनही ढिम्म. काकांनी लांब पाइप पान्याच्या दांड्यात घालून ते सोडवले. रस्त्यावर एकटा असतो तर काय केलं असतं?

दुसरं. स्टेपनी मी एकदाही वापरलेली नाही, म्हणून नवी समजत होतो. हवा मोजली तर १२ पीएसआय, पाहिजे ३३. आणि टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, माझ्या स्टेपनीवर १४१५. म्हणजे २०१५ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. न वापरताही रबर म्हातारं होतं. कडेला बारीक भेगा होत्या, टॉर्च मारल्यावर दिसल्या. याच स्टेपनीच्या भरवशावर मी घरच्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला जात होतो. बुधवारी जे बोललो ते मागे घेतो.

ए-१०१ काका : तू वेळेवर सर्व्हिसिंग करतोस हे चांगलंच आहे, ते सोडू नकोस. दोन सर्व्हिसिंगच्या मधले महिने आपले, एवढंच. तुझ्या पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली आहे, अलाइनमेंट बघून घे. दोन्ही कडा झिजल्या असत्या तर हवा कमी, मधला भाग झिजला असता तर हवा जास्त, असं समजायचं.

ई-५०१ : मी येऊ शकलो नाही. हवा किती भरायची? टायरवर ५१ लिहिलंय.

ए-१०१ काका : ती त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी भरू नका. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर असेल, त्यावर तुमच्या गाडीचा आकडा असतो, पूर्ण भार असताना वेगळा. मोजायची ती टायर गार असताना. चालून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसते, म्हणून गरम असताना सोडून कमी करू नका.

ई-५०१ : स्टिकर सापडला. ३२. मी वर्षभर ४० भरतोय.

ए-६०२ : आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीसारखा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर? मला तो प्रश्न विचारायचा राहून गेला.

ए-१०१ काका : बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. तो दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे. दाब नाही म्हणजे बेअरिंगना ऑइल पोचत नाहीये. घर दोन किलोमीटरवर आहे म्हणून रेटायचं नाही, तेवढ्यात इंजिन धरतं. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे आत्ता थांबा.

बी-४०२ : एक राहिलं. पंक्चर काढून आणलेलं चाक स्टेपनीच्या जागी आज मीच बसवलं. आई नट हातात घेऊन उभी होती, एकेक देत होती. पाचवा नट बोटांनी फिरवताना थोडा अडला. परवाची मी असते तर पाना लावला असता. आज उलटा फिरवून काढला, आटे कपड्याने पुसले, परत लावला, तर सहज गेला.

ए-१०१ काका : शाब्बास. आता पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पाचही नट परत एकदा तपास. चाक बसवल्यावर नट थोडे सैलावू शकतात.

गुरुवार

बी-४०२ : काका, ५८ किलोमीटर झाले. पाचही तपासले. चार जागच्या जागी होते, एक जरासा सरकला, आवळला. ऑइल पण बघितलं, वरच्या खुणेच्या किंचित खाली. वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

सी-३०३ : माझा स्टेपनीचा नवा टायर उद्या येतोय. बसवून आणला की आधी कडेवरचे चार आकडे वाचणार. पुढच्या रविवारी वायपर आणि एअर फिल्टर बदलायचे आहेत, काका वेळ आहे का?