कस्टमर डेटाबेसमध्ये एरियाच्या फिल्डला लिस्टमधलंच नाव घेतलं जाईल असं कसं करायचं?

वागळेकर
नमस्कार मंडळी. आमचं वॉटर प्युरिफायर सर्व्हिसिंगचं काम आहे, ऑफिस वागळे इस्टेटला आणि कस्टमर ठाण्यापासून पार बेलापूरपर्यंत. सगळे कस्टमर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाईलमध्ये आहेत आणि ऑफिसमधल्या दोघी जणी फोन घेता घेताच एन्ट्री करतात. डोकेदुखी आहे ती एरियाच्या फिल्डची. साधी टेक्स्ट फिल्ड आहे त्यामुळे ज्याला जे सुचेल ते पडतं, कोपरखैरणे कुठे एकत्र, कुठे तोडून, कुठे नुसतं कोपर, आणि घोडबंदरचं तर विचारूच नका, जी. बी. रोड, घोडबंदर रोड, ठाणे वेस्ट, मानपाडा, सगळं एकाच पट्ट्यातलं. रोज सकाळी एरियावर फिल्टर लावून टेक्निशियनची कॉल लिस्ट काढतो, त्यात हमखास काही कॉल गळतात आणि दुपारी कस्टमरचा फोन येतो की माणूस आलाच नाही, सकाळपासून घरी थांबलेत बिचारे.
फॉर्मवर कॉम्बो बॉक्स टाकून बघितला. ड्रॉपडाऊन दिसतो पण हाताने काहीही टाइप केलं तरी सेव्ह होतंय. लिस्टबाहेरचं घेऊच नये असं करायचंय, काय राहतंय माझं?

ऐरोलीकर
दादा, कॉम्बो बॉक्सच्या प्रॉपर्टीमध्ये डेटा टॅबवर जा, तिथे लिमिट टू लिस्ट असेल ते येस करा. मग लिस्टबाहेरचं टाइप केलं की अ‍ॅक्सेस एरर देऊन अडवतो. पण लक्षात घ्या, रिकामं सोडलेलं त्यातूनही चालतं, म्हणून टेबलमध्ये त्या फिल्डचं रिक्वायर्डही येस करायला लागेल, पण ते जुना डेटा भरून झाल्यावर.
पण माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यावर थांबू नका. हे कुलूप फक्त त्या फॉर्मला लागलंय. उद्या कोणी सरळ टेबल उघडून टाइप केलं किंवा एक्सेलमधून रो कॉपी करून पेस्ट केल्या तर सगळं परत आत येणार. कुलूप टेबलला पाहिजे. एरियाचं वेगळं टेबल करा, त्यात दोनच फिल्ड, एक ऑटोनंबर आयडी आणि एक नाव, नावाला इंडेक्स लावा, नो डुप्लिकेट्स. कस्टमर टेबलमध्ये एरियाआयडी नावाची नंबर फिल्ड घ्या, साईज लाँग इंटिजर, आणि डीफॉल्ट व्हॅल्यूत 0 आलं असेल तर पुसून टाका, नाहीतर प्रत्येक नवीन रेकॉर्ड त्या 0 पायी अडकेल. मग रिलेशनशिप विंडोत दोन्ही जोडून एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटीला टिक. त्यानंतर कुठूनही एन्ट्री होऊ दे, लिस्टमध्ये नसलेला एरिया आत जाणारच नाही. फाईल स्प्लिट केलेली असेल, म्हणजे टेबलं एका फाईलमध्ये (बॅकएंड) आणि फॉर्म दुसरीत, तर हे बॅकएंडच्या फाईलमध्ये करायचं.
फॉर्मवरच्या कॉम्बोला कॉलम काउंट 2 द्या, पहिल्या कॉलमची विड्थ 0, म्हणजे दिसेल नाव आणि सेव्ह होईल आयडी. आणि कॉम्बोमध्येच नावं टाइप करून व्हॅल्यू लिस्ट बनवू नका, त्यात राईट क्लिक करून कोणीही लिस्ट एडिट करू शकतं.

पनवेल_लोकल
एवढं कशाला, पिनकोडवर फिल्टर लावा ना. वाशी 400703, ऐरोली 400708, खारघर 410210. सहा आकडी असतो, व्हॅलिडेशन रूलमध्ये पहिला आकडा 4 आणि पुढे पाच आकडे एवढं टाकलं की काम झालं.

ऐरोलीकर
पिनकोड फिल्ड जरूर ठेवा, रूलही चांगला आहे, पण त्याने आकड्यांचा साचा तपासला जातो, तो पिन त्या कस्टमरचाच आहे का ते नाही कळत. आणि एका पिनखाली बऱ्याच वस्त्या येतात, टेक्निशियनचा रूट त्याच्यावर नाही बसत. फोनवर पिन विचारला तर निम्मे लोक घरात कोणाला तरी हाक मारून विचारतात.

वागळेकर
लिमिट टू लिस्ट चाललं, खूप आभार. टेबलपण केलं, आता जुन्या नावांवरून आयडी कसे भरू? रेकॉर्ड भरपूर आहेत. फाइंड-रिप्लेस मारत बसलो तर महिना जाईल.

ऐरोलीकर
फाइंड-रिप्लेस नकोच. आधी फाईलची कॉपी काढून बाजूला ठेवा. मग जुन्या एरियावर ग्रुप बाय करून प्रत्येक नाव किती वेळा आलंय त्याची क्वेरी करा, पुढेमागे स्पेस असतात म्हणून ट्रिम लावा. कॅपिटल-स्मॉलची काळजी नको, अ‍ॅक्सेस ते एकच धरतो. निघालेली यादी एका तात्पुरत्या टेबलमध्ये घ्या, पहिल्या कॉलमात जुनं नाव जसंच्या तसं, शेजारी बरोबर एरियाआयडी. हे डोळ्याने बघून भरायला लागेल पण एका नावाला एकदाच, ते नाव शंभर रेकॉर्डमध्ये असलं तरी. मग ते टेबल कस्टमर टेबलला जोडून एक अपडेट क्वेरी चालवा की सगळे आयडी भरले जातील.
फक्त ‘ठाणे वेस्ट’ आणि ‘घोडबंदर’वाल्यांना आंधळेपणाने एक आयडी देऊ नका. मानपाड्याचा माणूस आणि कासारवडवलीचा माणूस एका फेरीत धरून चालत नाही, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच. ते रिकामे ठेवा आणि पत्ता वाचून भरा.

नेरूळची_ताई
मी स्वतः दिवसभर कस्टमर एन्ट्री करते म्हणून आमच्या बाजूचं सांगते, राग मानू नका. समोर फोनवर माणूस असतो, तो बोलतो एखाद्या नवीन कॉम्प्लेक्सचं नाव, लिस्टमध्ये ते सापडत नाही आणि फॉर्म पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी मुलगी काय करते, लिस्टमधलं जवळपासचं वाटेल ते निवडते आणि सेव्ह करते. आता हे चुकीच्या स्पेलिंगपेक्षा वाईट झालं की नाही? स्पेलिंगची चूक निदान दिसते तरी, हे नाव तर एकदम बरोबर दिसणार आणि माणूस जाणार भलतीकडेच. म्हणून लिस्टमध्ये ‘एरिया ठरवायचाय’ अशी एक एन्ट्री ठेवाच, आणि कोणीतरी रोज संध्याकाळी तेवढे रेकॉर्ड काढून पत्ता बघून भरायचे. हे नेमून द्यायला पाहिजे, नाहीतर तोच सगळ्यात मोठा एरिया होऊन बसतो.
आणि लिस्ट नावाच्या क्रमाने लावा, आयडीच्या क्रमाने नको. ऑटो एक्सपांड चालू असेल तर पहिली दोन-तीन अक्षरं मारली की नाव आपोआप येतं, माऊसला हात लावायला लागत नाही.

पनवेल_लोकल
नॉट इन लिस्ट इव्हेंट असतो की, त्यात थोडा कोड लिहिला तर नवीन नाव टाइप केलं की ‘लिस्टमध्ये टाकू का’ विचारतो आणि येस म्हटलं की टाकतो. तो वापरा.

नेरूळची_ताई
नको हो. घाईत सगळे येस दाबतात, आठवड्यात कोपर परत लिस्टमध्ये दिसेल. नवीन एरिया टाकायचं काम एकाच माणसाकडे असू दे.

वागळेकर
ताई, हे मनावर घेतलं, ‘एरिया ठरवायचाय’ आजच टाकतो. अजून एक, नवी मुंबईचे लोक नुसतं सेक्टर 9 सांगतात. वाशीलाही सेक्टर 9 आहे, नेरूळलाही आहे, ऐरोलीलाही आहे. नोड, म्हणजे वाशी, नेरूळ असा भाग, निवडला की त्याच नोडचे सेक्टर दिसतील असं होईल का? ठाण्यात सहसा सेक्टर नसतात, लोकमान्यनगरला मात्र पाडा नंबर सांगतात.

ऐरोलीकर
होतं. सेक्टरचं वेगळं टेबल, त्यात एरियाआयडी आणि सेक्टरचं नाव, पाडा नंबरही त्यातच बसतील. सेक्टर फिल्ड टेक्स्ट ठेवा कारण 10ए असलेही सेक्टर असतात. दुसऱ्या कॉम्बोच्या रो सोर्समध्ये, म्हणजे त्याची लिस्ट जिथून येते तिथे, अट टाका की एरियाआयडी पहिल्या कॉम्बोमध्ये निवडलाय तोच हवा. पहिल्या कॉम्बोच्या आफ्टर अपडेटमध्ये दुसरा आधी रिकामा करा आणि मग रीक्वेरी करा, म्हणजे त्याची लिस्ट नव्याने भरेल, रिकामा केला नाही तर एरिया बदलल्यावर जुन्या नोडचा सेक्टर तसाच चिकटून राहतो. फॉर्मच्या ऑन करंटमध्येही (दुसऱ्या रेकॉर्डवर गेलं की चालतो तो) रीक्वेरी द्या. सेक्टरला रिक्वायर्ड करू नका, नौपाड्यातला कस्टमर अडकेल.
आणि हे सिंगल फॉर्मवरच करा. कंटिन्युअस फॉर्ममध्ये, जिथे रेकॉर्ड एकाखाली एक दिसतात, बाकीच्या ओळींचे सेक्टर कोरे दिसायला लागतात, डेटा जागेवर असतो पण एन्ट्री करणारीला वाटतं पुसला गेला आणि ती परत भरत बसते.